पंधरावी अमावास्या

सोलापूरच्या मार्केट यार्डाबाहेर जो मोठा वजनकाटा आहे, त्याच्या केबिनमध्ये मी एकोणीस वर्षं बसते आहे. ट्रक आता बिनड्रायव्हरचे येतात, नंबर कॅमेरा वाचतो, पावती आपोआप निघते. तरी काट्यावर एक जिवंत माणूस हवा असा नियम आहे, आणि तो जिवंत माणूस मी. आधी भरलेली गाडी काट्यावर घ्यायची, माल उतरला की रिकामी घ्यायची, वजाबाकी केली की माल किती ते कळतं. माणसाचं असं करता येत नाही, एवढीच माझी त्याबद्दल तक्रार आहे.

माझं नाव भाग्यश्री, वय अठ्ठेचाळीस, वजन एकशे अठरा किलो. वजन मी स्वतःच सांगून टाकते, म्हणजे समोरच्याचे अंदाज बांधायचे कष्ट वाचतात. "ताई, जरा काट्यावरनं उतरा, कांदा मोजायचाय," हा हमालांचा विनोद मी इतक्यांदा ऐकलाय की सांगणाऱ्याच्या आधी मीच हसते. घरी वेगळं काही नव्हतं. माझी आई महानंदा माझ्याकडेच राहते. आल्यागेल्याला चहाबरोबर "आमची भागी जन्माची खादाड" हे तिचं ठरलेलं वाक्य. धाकटा भाऊ शिवराज पुण्यात मोठ्या हुद्द्यावर आहे, त्याने फोन केला की पहिला प्रश्न, "काय खातेयस?"

आणि मी खातच असायचे. केबिनच्या ड्रॉवरमध्ये चिवडा, पर्समध्ये बिस्किटं, आणि उशाखाली कडक भाकरीचा तुकडा असल्याशिवाय मला आजवर झोप लागलेली नाही. लग्न झालं होतं, दोन वर्षं टिकलं. गादीखाली जाणाऱ्या मुंग्यांच्या रांगेचा नवऱ्याने एक दिवस माग काढला. भाकरी सापडल्याचा त्याला तितका राग आला नाही, मी ती त्याच्यापासून लपवली याचा आला. त्याला काय सांगणार होते? मलाच माहीत नव्हतं मी कोणापासून लपवते आहे.

गेल्या वर्षी हृदयाने कुरकुर सुरू केली. डॉक्टर हेमांगी तडवळकर म्हणून एक हडकुळ्या, स्पष्ट बोलणाऱ्या बाई आहेत. त्यांनी सगळे कागद पाहिले आणि सांगितलं की वजन असंच राहिलं तर पाच वर्षं, फार तर सहा. पोटाची शस्त्रक्रिया माझ्या हृदयाला झेपणार नव्हती. भूक मारायच्या गोळ्या मी तीनदा घेऊन सोडल्या होत्या. गोळी घेतली की भूक जायची आणि तिच्या जागी अशी भीती यायची की मी उठून स्वयंपाकघरातले डबे मोजत बसायचे. मग बाईंनी एक प्रश्न विचारला, जो मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता.

"लहानपणी कधी उपाशी राहिलात का? एखादा दिवस नाही, बरेच महिने."

मी हो म्हणाले. मग त्यांनी मला जे समजावलं ते असं. वाढत्या वयातलं मूल महिनोन् महिने अर्धपोटी राहिलं, त्यातून भीतीच्या सावटाखाली राहिलं, की शरीर एक धडा शिकतं. जनुकं बदलत नाहीत, पण जनुकांवर बारीक रासायनिक खुणा चिकटतात. कुठलं जनुक चालू ठेवायचं आणि कुठलं बंद, हे त्या खुणा ठरवतात. पुढे अन्न मुबलक मिळालं तरी खुणा निघत नाहीत. मेंदूतलं भुकेचं केंद्र दुष्काळ अजून चालूच आहे असं धरून चालतं. धोका वाटला की खा, एकटं वाटलं की खा, खाल्लेलं खर्चू नको, साठव. "तुम्ही खादाड नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्या शरीराला अजून कुणी कळवलेलंच नाही की ते दिवस संपले."

मी त्यांच्यासमोर रडले. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, हमालांवर ओरडणारी, हुंदके देऊन रडले.

ते कळवण्याचं औषध चार वर्षांपूर्वी आलं होतं. त्याचं खरं नाव लांबलचक आहे. लोक त्याला 'विसर' म्हणतात. एकच इंजेक्शन, ते त्या खुणा धुऊन काढतं. आठवणी जात नाहीत, शरीराची भीती जाते. मात्र त्यात एक मेख होती. लहानपणी कुणाला दीर्घ ताप आला, विषमज्वरासारखा महिनोन् महिने रेंगाळला, तरी अशाच खुणा उमटतात, आणि त्या हृदयाच्या स्नायूंवरही असतात. तिथल्या खुणा धुतल्या तर ठोके बिघडतात. पहिल्या वर्षी दोन माणसं टेबलावरच गेली. रक्त तपासून भुकेच्या खुणा कुठल्या आणि तापाच्या कुठल्या ते अजून ओळखता येत नाही.

म्हणून दाढ वाचतात. दात, दाढा लहानपणी रोज थोड्या थोड्या थराने बनतात, प्रत्येक दिवसाची एक रेघ. केसाच्या जाडीत पंधरा-वीस दिवस मावतात. पोटभर जेवलेल्या दिवसाची रेघ उजळ, उपासाच्या दिवसाची मळकी. अक्कलदाढ नवव्या-दहाव्या वर्षापासून हिरडीच्या आत बनायला लागते आणि एकदा थर बसला की तो आयुष्यभर तसाच. पूर्वी हे वाचायला दाढ उपटून कापावी लागायची. आता नव्या यंत्रात तोंड उघडून वीस मिनिटं बसलं की झालं. पण दाढ फक्त केव्हा आणि किती ते सांगते. का, ते तिला माहीत नसतं. ताप की भूक, हे त्या काळी कुटुंबात असलेल्या एका वडीलधाऱ्या माणसाने डॉक्टरांसमोर, कॅमेऱ्यापुढे सांगायचं. रोग्याचं स्वतःचं म्हणणं चालत नाही, कारण इंजेक्शन मिळावं म्हणून लोक वाटेल ते सांगतात.

वडीलधारं माणूस म्हणजे आई. अडचण होती ती तिथेच.

कारण ती भूक मी आईला कधीच सांगितली नव्हती. मी अकरा वर्षांची असताना वडील काविळीने गेले. आईला सोलापुरात एका कडक भाकरीच्या केंद्रात काम मिळालं; दिवसभर चुलीपुढे बसून ज्वारीच्या पातळ भाकऱ्या वाळेपर्यंत भाजायच्या. राहायला दहा बाय दहाची खोली. शिवा तिच्याजवळ राहिला आणि मला बार्शीला गंगूआत्याकडे, वडिलांच्या बहिणीकडे पाठवलं. आत्याचे गुडघे गेले होते. तिचे यजमान शाळेचे मुख्याध्यापक. त्यांना सगळेच, अगदी आत्यासुद्धा, सर म्हणायचे. घरकाम माझ्याकडे आलं. अन्न जाळीच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली आत्याच्या कमरेला. सकाळी एक पोळी. रात्री सगळ्यांचं झाल्यावर उरलं तर. बहुधा उरायचं नाही. सव्वा वर्ष.

आई महिन्यातून एकदा यायची, अमावास्येला, कारण भाकरी केंद्राच्या मालकाचा नेम होता, अवसेला तवा चढवायचा नाही. ती गाठोडं घेऊन यायची, मला समोर बसवून खाऊ घालायची, आणि मी अशी तुटून पडायचे की आत्या हसून म्हणायची, "वैनी, तुमची पोरगी म्हणजे खादाडच." आई पण हसायची. मी तोंडातला घास गिळून हसायचे. तिला कळू नये म्हणून. नवरा गेलेली बाई, चुलीपुढे हात भाजून घेणारी. तिच्या जिवाला आणखी घोर नको, असं बारा वर्षांच्या मी ठरवलं आणि पाळलं. माझ्या आयुष्यात मी एकच मोठं काम केलंय, ते हे. छत्तीस वर्षं मी आईला त्या दुःखापासून लांब ठेवलं.

*

यंत्रावर इरफान शेख म्हणून तंत्रज्ञ होता, चाळिशीचा, कामात मुरलेला. वीस मिनिटांनी त्याने लांबलचक कागदी पट्टी काढली आणि टेबलावर पसरली. मला पट्टी वाचायला शिकवायची गरज नव्हती. एकोणीस वर्षं मी पावत्याच वाचते आहे.

सुरुवातीला उजळ रेघा. मग वडील गेले ती एक मळकी आठ-दहा दिवसांची पट्टी. पुन्हा उजळ. आणि मग एका जागेपासून जणू कुणी काजळीचा हात फिरवलाय असा काळपट भाग, हातभर लांब. इरफानने मोजून सांगितलं, सव्वा वर्षाच्या आसपास.

"पण हे बघा ताई," तो म्हणाला, "या काळ्यात मधेमधे उजळ ठिपके आहेत. दर एकोणतीस नाहीतर तीस दिवसांनी. चौदा आहेत. संगणकाला याचा अर्थ लागत नाहीये." मग थोडं चाचरत त्याने विचारलं की त्याचा पाळीशी काही संबंध असेल का.

मला पाळी चौदाव्या वर्षी आली. आणि एकोणतीस-तीस दिवसांनी काय येतं ते भिंतीवर दिनदर्शिका लावणाऱ्या कुठल्याही बाईने सांगितलं असतं. मी त्याला म्हणाले, अमावास्या आहे ती. माझी आई यायची.

इरफानने चष्मा काढून पुसला आणि पट्टीची घडी अगदी हळू घातली. मला वाईट वाटलं नाही, उलट अभिमान वाटला. माझ्या आईचं येणं माझ्या हाडात लिहिलेलं होतं. आता तिला हलक्या हाताने सगळं सांगायचं, ती रडेल, मी तिला समजावेन, आणि ती साक्ष देईल. रिक्षात बसून मी वाक्यं जुळवत होते.

मी घरी सांगायचं टाळलं, दवाखान्यातच सांगू म्हटलं, डॉक्टर जवळ असतील. आई ठेवणीतलं इरकल नेसून आली. बाईंनी तिला सगळं समजावलं. मुलीच्या दाढेत बारा-तेराव्या वर्षी सव्वा वर्षाचं काळं पडलंय, ते दीर्घ आजाराचं असेल किंवा उपासमारीचं असेल. आजाराचं असेल तर हे औषध तिला देता येणार नाही. मी आईचा हात धरून ठेवला होता.

"विषमज्वर झालता तिला," आई म्हणाली. "लई महिने. उठायचीबी नाही."

बाईंनी दोनदा विचारलं. तिने दोनदा तेच सांगितलं. कॅमेऱ्यावरचा दिवा विझला आणि माझी फाईल बंद झाली.

परत येताना रिक्षात मी तिचं उत्तर पुन्हा पुन्हा आठवत होते. राग नंतर आला. आधी मी चक्रावून गेले होते. आई खोटं बोलली हे एक. पण त्याहून विचित्र गोष्ट अशी की तिला नवल वाटलं नव्हतं. तुमच्या मुलीच्या हाडात सव्वा वर्षाची उपासमार दिसते आहे असं कुणा आईला सांगितलं तर ती विचारेल, कधी? कुठे? माझ्या पोरीला कुणी उपाशी ठेवलं? हिने काहीच विचारलं नाही. उत्तर पदराच्या गाठीत बांधून आणल्यासारखं काढून दिलं.

रात्रभर ते डोक्यात राहिलं आणि सकाळी मला ते ठिपके पुन्हा बघावेसे वाटले. पट्टी मी मागून आणली होती. केबिनमध्ये भिंग आहे, पावतीवरचे पुसट आकडे वाचायला. दोन ट्रकांच्या मधल्या वेळात मी रेघा मोजल्या. आई यायची ती एका दिवसासाठी, दुपारच्या एस.टी.ने परत. मग उजळ रेघ एक हवी होती. रेघा चार होत्या, काही ठिकाणी पाच, एका ठिकाणी तर सात. एक दिवस जेवणाचा. बाकीचे?

बाकीचे दिवस उशीतल्या भाकरीचे. आईने मला एक उशी शिवून दिली होती, तिच्यात आतून दुसरी खोळ. जाताना ती त्या खोळीत कडक भाकऱ्या भरून जायची आणि बजावायची, आत्याला दाखवू नको, उंदीर लागतील म्हणून ओरडंल. मी त्याला लाड समजत होते. ज्या घरात पोटभर जेवायला मिळतं, त्या घरातल्या पोरीच्या उशीत कोणती आई चोरून भाकरी शिवते? हा साधा प्रश्न मला छत्तीस वर्षं पडला नव्हता. समोर कांद्याचा ट्रक हॉर्न वाजवत होता आणि मला काट्याचं बटण दिसेना.

*

त्या रविवारी सकाळी आई शेंगाचटणी कुटत होती. मी पट्टी ओट्यावर पसरली, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या.

"आई, ताप दर अवसेला सुट्टी घेतो का गं?"

ती कुटत राहिली. मी एकेका ठिपक्यावर बोट ठेवत गेले. ही आषाढातली. ही श्रावणातली, तू पुरणाचं आणलं होतंस. ही मोठी, सात रेघांची, ही मार्गशीर्षातली, येळवस. उंडे, भज्जी आणि तांब्यात आंबील, आत्याने त्यातलं अर्धं काढून घेतलं होतं. मी चौदापर्यंत आले आणि थांबले.

"पंधरा," आई म्हणाली. बत्ता थांबला होता. "पंधरा अवसा होत्या. एक तुझ्या दाढंत नसंल."

नव्हतीच. उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका ठिकाणी दोन ठिपक्यांत एकोणसाठ दिवसांचं अंतर होतं. मला वाटलं होतं, तेव्हा तिला सुट्टी मिळाली नसेल.

मग तिने सांगितलं, पट्टीकडे न बघता, चटणी वाटीत काढता काढता. त्या अमावास्येला ती आली होती. शिवा बरोबर होता. त्याला कोपऱ्यावरच्या रसवंतीत बसवून ती एकटी फाटकापर्यंत आली. मी मागच्या नळावर भांडी घासत होते. दुधाच्या पातेल्याची करपलेली खरवड मी नखाने काढून खात होते आणि काढता काढता, कुणी पाहतंय का म्हणून, घराकडे बघत होते. आईने ते पाहिलं. शिवाची निवासी शाळेची परीक्षा आठ दिवसांवर होती. फॉर्मवर पालक म्हणून सरांची सही होती, तिथे शब्दही तेच टाकणार होते, आणि ते सगळं मी त्या घरात आहे म्हणून होतं. आत गेले असते तर तुला घेतल्याबिगर निघाले नसते, आई म्हणाली. म्हणून ती आत आली नाही. गाठोडं घेऊन माघारी गेली.

"मला ठावं होतं, भागू. पहिल्या महिन्यापासनं ठावं होतं."

"मग न्यायचं होतंस मला."

"तुला नेली असती तर शिवा मागं राहिला असता."

असं ती म्हणाली, भाजीत मीठ किती घालायचं ते सांगावं तशा आवाजात. मला दगा झाला होता. आत्याने उपाशी ठेवलं त्याचं मला कधीच इतकं लागलं नव्हतं, ती परकीच होती. पण मी जिच्यासाठी तोंडातला घास हसत गिळला, तिला सगळं माहीत होतं. माझं हसू खोटं आहे हे माहीत असून ती माझ्याबरोबर हसली होती. आणि मग आयुष्यभर, प्रत्येक पाहुण्यासमोर, जन्माची खादाड. जन्माची. तो एक शब्द लावला की बार्शी पुसली जात होती.

मी तिला म्हणाले, हे डॉक्टरांपुढे सांग. माझ्या हातात पाच वर्षं आहेत.

आईने चटणीच्या वाटीवर ताटली झाकली. मग म्हणाली, "शिवाला कळलं तर त्याच्या घशाखाली घास उतरायचा न्हाई."

मी पट्टीची घडी घातली आणि कामावर निघून गेले. रविवार असूनही गेले. त्यानंतर अकरा दिवस मी तिच्याशी बोलले नाही. ताट वाढून द्यायचे, औषध द्यायचे, आणि बाहेर पडायचे. बाराव्या दिवशी जिना चढताना मधल्या पायरीवर माझा श्वास अडकला. कठडा धरून मी खाली बसले, ओठ निळे पडले असावेत, कारण वरून बघणाऱ्या आईच्या हातातला तांब्या पडून खालपर्यंत गडगडत आला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने न सांगता इरकल नेसलं.

तिने खरं सांगितलं. ताप नव्हता, भूक होती, मला ठावं होतं. तीन वाक्यं. पण बाईंनी मान हलवली. साक्ष बदलली की एकट्या साक्षीदाराचं धरत नाहीत. दुसरं कुणीतरी लागतं, वडीलधारं नसलं तरी चालतं, पण कुटुंबातलं हवं. आत्या आणि सर दोघंही केव्हाच गेले होते. त्या काळचं जिवंत माणूस एकच उरलं होतं. आईने माझा दंड धरला आणि एवढंच मागितलं की शिवाला आधी काही सांगू नको. त्याला काही आठवत नसणार, तो दहा वर्षांचा होता. नाही आठवत म्हणेल आणि जाईल. तिला त्यातही माझं इंजेक्शन जाणार हे दिसत नव्हतं, किंवा दिसत होतं. मी शब्द दिला. न सांगायची मला सवय होती.

*

शिवा पुण्याहून सकाळच्या गाडीने आला. दार उघडताच म्हणाला, "काय भागे, नाश्त्याला काय संपवलंस?" मी हसले. ते हसू आता माझ्या हातात नव्हतं, ते आपोआप येतं.

बाईंनी त्याला एकच प्रश्न विचारला. तुमच्या बहिणीच्या बाराव्या-तेराव्या वर्षी, त्या बार्शीला असताना, त्यांना दीर्घ ताप होता की त्यांना जेवण मिळत नव्हतं? आई भिंतीकडे बघत होती. मी शिवाच्या तोंडाकडे बघत होते, नाही आठवत ऐकायच्या तयारीने.

"जेवण मिळत नव्हतं," शिवा म्हणाला.

विचार करायला त्याने श्वासभरही वेळ घेतला नाही. बाईंनी विचारलं, तुम्हाला कसं माहीत. तो म्हणाला की एकदा आईने त्याला रसवंतीत बसवलं होतं. एकट्याला करमेना म्हणून तो रसाचा ग्लास हातात घेऊनच आईच्या मागे गेला. ती फाटकात उभी होती. तिच्या पदराआडून त्याने पाहिलं. मग पळत परत येऊन बाकावर बसला आणि उरलेला रस पिऊन टाकला, आईला कळू नये म्हणून.

"कधी बोलला का नाहीस?" हे मी विचारलं. बाईंनी मला अडवलं नाही.

"तेव्हा वाटलं, बोललो तर मलाबी तिथं ठेवतील," तो म्हणाला. मग टेबलाच्या कडेवरून नख फिरवत राहिला. "नंतर काय, शाळा झाली, नोकरी लागली. नंतर बोलून काय उपयोग होता?"

छत्तीस वर्षं मी जे गुपित सांभाळलं ते घरात सगळ्यांना माहीत होतं. आईला माहीत होतं, शिवाला माहीत होतं. आई शिवापासून लपवत होती, शिवा आईपासून, आणि दोघं मिळून माझ्यापासून. फोनवर काय खातेयस म्हणून हसणारा माझा भाऊ त्या प्रत्येक वेळी ते पातेलं बघत होता. मी खादाड असणं त्यांना फार सोयीचं होतं, दोघांनाही.

साक्ष मंजूर झाली. बाईंनी पुढच्या सोमवारची तारीख दिली. आम्ही तिघं खाली दवाखान्याच्या उपाहारगृहात आलो, कारण दुपार झाली होती आणि कुठेतरी जायला हवं होतं. शिवाने तीन ताटं मागवली. माझ्याने ताटाला हात लाववेना. आयुष्यात पहिल्यांदा, इंजेक्शन मिळायच्याही आधी. शिवा जेवायला लागला. सावकाश, नीट, पोळीचा तुकडा भाजीत बुडवून, जसा तो नेहमी जेवतो.

आई जेवत नव्हती. ती त्याच्या गळ्याकडे बघत होती. एक घास खाली गेला, मग दुसरा. तिसऱ्या घासाला तिने डोळ्याला पदर लावला आणि मग तो काढलाच नाही. शिवा म्हणाला, "आई, जेव की, गार होतंय."

*

इंजेक्शन होऊन चार महिने झाले. बावीस किलो कमी झाले आणि जिना एका दमात चढता येतो. पहिल्या आठवड्यात काही कळलं नाही. मग एका सकाळी गादी झाडताना उशाखाली काही नाही हे लक्षात आलं, भाकरीचा तुकडा ठेवायला मी विसरले होते. केबिनच्या ड्रॉवरमध्ये आता नुसती भिंगं आणि रबरं आहेत. हमालांचा विनोद अजून चालू आहे, पण माझं हसू हल्ली वेळेवर येत नाही, त्यामुळे ते जरा गोंधळतात.

आई अजूनही दर अमावास्येला कडक भाकऱ्या भाजते आणि गाठोडं बांधून माझ्या कपाटात ठेवते. भाकरी केंद्र सोडून तिला पंचवीस वर्षं झाली, तरी तिचा हा नेम चुकला नव्हता. मी त्याला माया म्हणायचे. दर महिन्याला ते गाठोडं तीन दिवसांत संपायचं. या वेळी कपाटात मागची तीन गाठोडी तशीच होती. आईने दार उघडलं, ती पाहिली, आणि चौथं हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"भागू, एक तरी खा," ती म्हणाली. "तुझ्यासाठी केल्यात."

तिला काय हवं होतं ते मला कळत होतं. मी एक तुकडा मोडून तोंडात टाकला असता तर तिचं सगळं फिटलं असतं, निदान त्या महिन्यापुरतं. लहानपणी मी तिच्यासाठी उपाशी असून पोट भरल्यासारखी हसले होते. आता पोट भरलेलं असताना उपाशी असल्यासारखं खाणंही मला जमलं असतं. मी तिच्याकडे पाहिलं आणि खरं तेच सांगितलं.

"भूक नाही गं आई."

हे वाक्य मी तिच्यापुढे जन्मात पहिल्यांदा म्हणाले. ती गाठोडं घेऊन कपाटाकडे वळली, तिथे जागा नव्हती. ओट्याकडे गेली, परत आली. शेवटी खुर्चीवर बसून तिने ते मांडीवर घेतलं. मला तिची दया आली आणि बरंही वाटलं, दोन्ही एकदमच. हे बरं वाटणं कुठलंही इंजेक्शन धुऊन काढणार नाही, आणि काढू म्हणालं तरी मी देणार नाही. काट्यावर कांद्याच्या गाड्या लागल्या असतील म्हणून मी चप्पल घातली. दारातून वळून पाहिलं तेव्हा आईने गाठ सोडली होती आणि एक भाकरी मोडून ती स्वतःच कोरडी खात होती, दाराकडे बघत, मी नळावरून घराकडे बघायचे तशी.